संशयितांचे पुढे काय होते?

दिवाळीत फटाके उडवून झाले, चकल्यांचा डबा उशाशी घेतला, की भल्या माणसालाही कुणाचा तरी खून झालेला हवा असतो. पुस्तकात, अर्थात! एरवी मुंगी चुकवून पाय टाकणाऱ्या आजीबाईसुद्धा दुसऱ्या प्रकरणापर्यंत प्रेत सापडले नाही तर कुरकुरतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या; त्यांचे झुंजार आणि काळापहाड एके काळी मराठी घरांतून घरच्या माणसांसारखे वावरत होते. पुढे भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला आणि आमच्यासारख्या मॅट्रिकवाल्यांची मोठीच सोय झाली.

अशा कथांनी मुले बिघडतात, हा आरोप जुना आहे. मास्तर असूनही मला तो पटत नाही. चोरी शिकायला कोणी पुस्तक उघडत नाही. माझी शंका निराळी आहे. या कथा संशय घ्यायला शिकवतात. घेतलेला संशय परत कसा करायचा, हे मात्र शिकवीत नाहीत.

बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याची ती प्रसिद्ध कादंबरीच घ्या. १९०१-०२ साली ती 'स्ट्रँड' मासिकातून क्रमशः आली. तिच्यातले डार्टमूरचे माळ मी पाहिलेले नाहीत. पण पावसाळ्यात आमच्या राजूर घाटात धुके उतरते, तेव्हा ते कसे असतील याची कल्पना येते. त्या वाड्यात बॅरिमोर नावाचा कारभारी आहे. काळी दाढी, अबोल स्वभाव, मेलेल्या मालकाच्या मृत्युपत्रातून त्याला मिळालेले पैसे, आणि रात्री मेणबत्ती घेऊन खिडकीशी जाणे! आपण त्याला केव्हाच फासावर चढवलेले असते. मग कळते, की त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ तुरुंगातून पळून माळावर लपला आहे, आणि हे दोघे त्याला अन्न पोचवतात. मेणबत्ती ही त्याचीच खूण. नवा मालक सर हेन्री मनाचा मोठा. झाले गेले विसरून जा, असे तो बॅरिमोरला सांगतो. पण गंमत पाहा, विसरायचे कोणी? ज्याच्यावर संशय घेतला त्याने!

याहून एक कठीण जागा पुढे आहे. तो पळालेला कैदी सर हेन्रीचे जुने कपडे अंगावर असताना कड्यावरून पडून मरतो. होम्स आणि वॉटसन यांना आधी वाटते, सर हेन्रीच गेला. होम्स हळहळतो. मग प्रेताला दाढी आहे हे दिसते, आणि तो थोर बुद्धिमान माणूस आनंदाने नाचू लागतो, हसू लागतो. आपणही सुटकेचा श्वास टाकतो. मेलेला खुनी होता, खरेच. पण वाड्यात एक बाई पदराने नव्हे तर ॲप्रनने डोळे पुसत त्याच्यासाठी रडते. तिच्या लेखी तो अजून लहानपणीचा हट्टी पोर असतो. तिथे ग्रंथकर्ता थोडा थांबतो, हा त्याचा मोठेपणा. वाचक थांबत नाही. त्याला कुत्रा हवा असतो!

माझ्या वर्गात एकदा एका मुलीची कंपासपेटी हरवली. कोणी काही बोलले नाही, पण चाळीस माना एका बाकाकडे वळल्या. त्या बाकावरचा मुलगा पारध्याचा. दोन दिवसांनी पेटी मुलीच्या घरीच सापडली. तिने हसत येऊन सांगितले, वर्गही हसला. तो मुलगा वहीत पाहत राहिला. त्या माना काही पुन्हा त्याच्याकडे वळल्या नाहीत.

ही नजर मुलांनी रहस्यकथेतून उचललेली नाही, हे कबूल. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्या यादीत पारध्यांचेही नाव चढले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. निर्दोष असल्याचे कागदावर आले. शेजाऱ्यांच्या मनात ते पोचायला सत्तर वर्षेही पुरलेली दिसत नाहीत.

खरा खुनी कोण, ते मी सांगत नाही. ज्यांनी वाचले नाही त्यांची दिवाळी का बिघडवा? पण ज्यांनी वाचले आहे त्यांनी ती पुन्हा वाचावी. एकदा उत्तर ठाऊक झाले की कादंबरी निराळीच होते. यंदाच्या सुट्टीत मी ती काढली आहे. बॅरिमोर मेणबत्ती घेऊन अंधारातून निघाला आहे, आणि या वेळी मला ठाऊक आहे, की मेव्हणा उपाशी आहे.