घामाची सवलत

जुनं घर स्वतःच्या हातांनी दुरुस्त करणाऱ्या जोडप्याला समाज एक सवलत देतो. त्यांना कोणी काही विचारत नाही. वडिलोपार्जित घर पाडून तिथे स्लॅबचा बंगला चढवणाऱ्याबद्दल गावात लगेच प्रश्न निघतात. पैसा कुठून आला, बहिणींना काय मिळालं, परसातला फणस का तोडला? आमच्याबद्दल असे प्रश्न निघाले नाहीत. कोपरापर्यंत चुन्याने माखलेले आम्ही दोघं पडवीत दिसलो की येणारा-जाणारा म्हणायचा, "वा, स्वतःच करताय!" आणि तिथेच विषय संपायचा. घाम हा असा साक्षीदार आहे की त्याची उलटतपासणी कोणी घेत नाही. म्हणून ती माझी मीच घ्यायची ठरवली आहे.

घर माझ्या नवऱ्याच्या आजोबांनी बांधलेलं, राजापूर तालुक्यातलं, शंभरीला टेकलेलं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, फणसाचे खांब, मंगलोरी कौलं. पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि परसू. मुंबईतल्या नोकऱ्या संपल्यावर आम्ही ते हातात घेतलं. भिंतींवरचे पोपडे खरवडले, दारांवरचे ऑइलपेंटचे थर काढून त्यांना तेल पाजलं, चुन्याची सफेती केली, वाळवी लागलेले वासे शोधून काढले. शेवटी घर सजवलंही.

आधी जमेची बाजू मांडते, कारण खोटी नम्रता हीही एक लबाडीच. चुन्याचं काम आम्ही शिकून केलं आणि ते बरं झालं. जांभा सच्छिद्र असतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातलं पाणी चिरा पितो आणि उघडीप मिळाली की बाहेर टाकतो. त्याच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि भिंत पायाकडून फुगायला लागते. चुन्याचा गिलावा ओलीला वाट देतो. तो घट्ट होतो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून, तेही सावकाश. घाई त्याला चालत नाही. कळीचा चुना पाण्यात विझवताना कसा उकळतो, त्याचा थेंब डोळ्यात गेला तर काय होतं, हे सगळं आम्ही समजून घेतलं. पहिल्या पावसाळ्यानंतर माजघराची भिंत कोरडी राहिली तेव्हा झालेला आनंद खरा होता. तो मी परत करणार नाही.

पण त्याच आनंदात आम्ही एक वाक्य सर्रास बोलायला लागलो. पाहुण्याला घर दाखवताना म्हणायचो, "मधल्या काळात सिमेंट आणि ऑइलपेंट लावून घराची वाट लावली होती, आम्ही ते मूळ रूपात आणलं." वाट कोणी लावली होती? माझ्या सासऱ्यांनी, आणि त्यांच्यामागे लागून माझ्या सासूबाईंनी. त्यांनी ते का केलं, हे आम्ही पाहुण्यांना कधी सांगितलं नाही. दर पावसाळ्यानंतर खळं नव्याने करायचं असे. माती टाकायची, पाणी शिंपडायचं, चोपण्याने चोप चोप चोपायचं. मग सारवण. घरातली जमीन तर बाराही महिने सारवावी लागे. हे काम बायकांचं. सासूबाईंना सिमेंटचा कोबा हवा होता तो सौंदर्यदृष्टी नव्हती म्हणून नव्हे. त्यांना कंबर होती म्हणून. भिंतीला ऑइलपेंट हवा होता, कारण चुलीची काजळी ओल्या फडक्याने पुसता येई. ज्या 'मूळ रूपा'वर आम्ही खूष होतो ते टिकवण्याची किंमत त्यांनी मोजली होती, आणि संधी मिळताच त्यांनी तो व्यवहार थांबवला. आमच्या चांगल्या अभिरुचीचा पाया त्यांच्या सुटकेला नावं ठेवण्यावर उभा होता. कोबा काढून आम्ही पुन्हा शेणाची जमीन केली. ती मी सारवत नाही. वाडीतली एक बाई येऊन सारवून जाते.

इथून 'स्वतः'चा हिशेब सुरू होतो. कौलं परतायला आढ्यावर कोण चढलं? गड्यांची जोडी. आम्ही खालून कौलं हातात दिली आणि त्यांच्या पोटावरचे छाप वाचत बसलो. मंगळूरच्या जेप्पूला १८६५ मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं कोकणभर पसरली, हे मी त्या गड्यांना हौसेने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कारण मजुरी मी देत होते. खांबाला जोड सुताराने दिला. कोनाड्याची कमान गवंड्याने बसवली. जी कामं चुकली तर घर पडलं असतं ती सगळी दुसऱ्यांनी केली, आणि जी चुकली तर पुन्हा करता येतात ती आम्ही. फोटोत मात्र ब्रश आमच्या हातात आहे.

दारांचा जुना रंग घासताना आम्ही दोघांनी चांगल्यापैकी मास्क लावले होते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, हे मी वाचलं होतं. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, म्हणजे त्याआधीच्या थरांची खात्री नाही. सुताराच्या हाताखालचा पोरगा तोंडाला टॉवेल गुंडाळून आमच्या शेजारी तेच दार घासत होता. माहिती माझ्याकडे होती, मास्कचे पैसेही होते. त्याला नंतर मास्क दिला. पण आपल्या फुप्फुसांची आठवण आधी होते आणि त्याच्या फुप्फुसांची मागाहून, हा क्रम माझ्या मनात कुठून आला, हे मला स्वतःला विचारावंच लागतं. आणखी एक फरक होता. पाठ भरून आली की आम्ही थांबायचो, चहा टाकायचो, चार दिवस काम बाजूला ठेवायचो. ज्या श्रमातून केव्हाही उठून जाता येतं तो छंद असतो. छंद वाईट नाही. पण मजुराच्या शेजारी उभं राहून त्याला 'श्रमप्रतिष्ठा' म्हणू नये.

सेवाग्रामची बापू कुटी पाहिली तेव्हा मी भारावले होते. मातीच्या भिंती, बांबू, देशी कौलं आणि भिंतीवर मीराबेननी मातीत उठावाने काढलेली झाडं आणि चरखा. आमच्या ओटीच्या भिंतीवर काहीतरी तसंच करण्याची कल्पना तिथलीच. पण बापूंना गरिबीत ठेवायला फार पैसे लागतात, अशा अर्थाचा सरोजिनी नायडूंचा विनोदही प्रसिद्ध आहे. आमचं साधेपण सिमेंटपेक्षा महाग पडलं. चांगला चुना, तो लावणारा गवंडी, जुनं लाकूड, सगळंच. ते आम्हाला परवडलं, कारण शहरातली जागा आणि निवृत्तीची रक्कम पाठीशी होती. वाडीतल्या ज्या घरांवर पत्रा आला त्यांच्यापाशी ती नव्हती. त्या पत्र्यांमुळे 'गावाचा चेहरा बिघडला' असं मी म्हणत असे. हल्ली म्हणत नाही.

आता आम्हा दोघांमधला हिशेब. 'दोघांनी मिळून केलं' हे आम्ही प्रेमाने सांगतो. निर्णय बहुतेक त्याचे होते. माप, ओळंबा, ड्रिल, गवंड्याशी बोलणं, सगळं त्याच्याकडे. पडलेला राडा झाडणं, कामावरच्या माणसांचा चहा आणि जेवण, डबे-पातेल्यांवरची धूळ रोज धुणं, हे माझ्याकडे. कोणी वाटून दिलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीच्या घरात शिरलो आणि शंभर वर्षांपूर्वीच्या जागांवर जाऊन उभे राहिलो. मी तक्रार केली नाही, याचा मोठेपणा घेण्यासारखं काही नाही. राडा झाडणं सोपं होतं आणि चुकीच्या मापाची जबाबदारी अंगावर येत नव्हती. मागे राहण्यातही एक सोय असते, ती मी पुरेपूर वापरली.

माझी बाजू होती सजावटीची, आणि तिथे माझ्या विवेकाला सर्वांत जास्त टोचतं. जात्यावर काच टाकून मी टीपॉय केला. न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ घासून त्यात फुलं तरंगत ठेवली. चूल लिंपून, रांगोळी घालून तशीच राखली. स्वयंपाक गॅसवर होतो. कंदिलात बल्ब आला. प्रत्येक वस्तू देखणी दिसते, आणि यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुणा ना कुणा बाईच्या खांद्यांतून, डोळ्यांतून, झोपेतून गेलेली आहे. पहाटे उठून दळलेल्या त्या जात्यावर आता कॉफीचे मग असतात. जातं फेकून द्यायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण त्याच्याकडे बोट दाखवून 'किती छान दिवस होते ते' असं पाहुणी म्हणते तेव्हा मी गप्प बसते. ते गप्प बसणं प्रामाणिक नाही.

घराचा नकाशा तर बोलकाच आहे. कोण कुठपर्यंत येऊ शकतं, हे तो चिऱ्यांत लिहून ठेवतो. ओटीवर पुरुष, माजघरात घरच्या बायका. माजघराला लागून बाळंतिणीची अंधारी खोली. मागच्या पडवीचा एक कोपरा महिन्याचे ते दिवस बाजूला बसण्याचा. आणि खळ्याच्या कडेला ती जागा, जिथून पुढे गावातल्या काही माणसांनी पाय टाकायचा नाही. त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जाई. हे घर उभं राहिलं त्याच सुमारास, १९२७ मध्ये, याच कोकणात महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांबरोबर माणसांना सत्याग्रह करावा लागला होता. आम्ही खांब जपले, कोनाडे जपले, उंबरठा तेल लावून चमकवला. जपताना आपण नेमकं काय जपतोय, हा प्रश्न आम्हा दोघा शिकल्यासवरल्यांना पडला नाही. तो समोर आणला सारवायला येणाऱ्या त्याच बाईने. काहीही न बोलता. काम झाल्यावर चहा घ्यायला ती माजघरात आली नाही, खळ्यात जाऊन बसली. आम्ही बोलावलं तेव्हा "इथंच बरं वाटतं" म्हणाली. घर मूळ रूपात आलं होतं, ते असं.

शेवटचा प्रश्न मालकीचा. सासऱ्यांना दोन बहिणी. दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या तेव्हा कोणी दटावलं नव्हतं. दटावण्याची गरजच नसते. माहेर तुटू नये एवढी एक भीती पुरते. १९५६ च्या कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा दिला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेतही तिला मुलाच्या बरोबरीला आणलं. कायदा पुढे गेला, आमच्या घरातली सही मागेच राहिली. थोरल्या आत्या आता नाहीत. धाकट्या आत्या घर बघायला आल्या, भिंतीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "छान केलंत हो!" लहानपणी ही जमीन त्यांनी सारवली होती, खळं चोपलं होतं. 'स्वतः राबलो म्हणून घर आपलं' हा आमचा दावा खरा मानला, तर त्यांचा दावा आमच्यापेक्षा जुना आहे. आमचं राबणं हौसेचं, त्यांचं बिनपगारी आणि बिनहक्काचं. कागदावर त्यांचं नाव परत आणावं, यावर आम्ही दोघं बोललो आहोत, एकमतही झालं आहे. ते अजून झालेलं नाही. तोवर या घरासंबंधी मी केलेलं कोणतंही आत्मपरीक्षण अर्धंच राहणार आहे, हेही इथे लिहून ठेवते.

या सगळ्याचा अर्थ घर पडू द्यावं असा नाही. चुना, फणसाचं लाकूड, कौलांखालचा गारवा, हे टिकवण्याच्या लायकीचं आहे आणि ते आम्ही टिकवणार. पण वस्तू टिकवायची असेल तर तिच्यासोबत आलेले नियम मोडण्याची जबाबदारीही आपोआप आपलीच होते. ती पार न पाडता केलेली दुरुस्ती ही फक्त रंगसफेदी. हाताला पडलेले घट्टे त्या जबाबदारीतून सूट देत नाहीत.

गावाकडचं घर हाती घेणारी अनेक जोडपी आता भेटतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. रंगाचा डबा उघडण्याआधी वारसांची यादी काढा आणि गाळलेली नावं कोणाची आहेत ते बघा. हाताखालच्या माणसाला मास्क आधी द्या, आपला नंतर बांधा. जमीन शेणाची हवी असेल तर ती सारवणार कोण, हे आधी ठरवा. आणि काम संपल्यावर ज्यांना पूर्वी खळ्यात थांबवलं जाई त्यांना माजघरात बोलावून आपल्या शेजारी बसवा. ती पहिल्यांदा नाही म्हणतील. पुन्हा बोलवा.