उतारशाळेचा रक्षक

शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. याजक व लेवी यांना दोष देऊन आणि शोमरोन्याची प्रशंसा करून आपण बहुधा थांबतो. उतारशाळेच्या रक्षकाकडे आपले लक्ष जात नाही. भाषांतराचे काम करताना मी याच शब्दापाशी थबकलो. मूळ ग्रीक शब्दाची फोड केली, तर ‘सर्वांना आत घेणारा’ असा त्याचा अर्थ निघतो. शोमरोन्याने जखमा बांधल्या. पुढची शुश्रूषा मात्र त्याने या मनुष्यावर सोपवली.

आपल्या वस्तीत असा सर्वांना आत घेणारा कोण? मला वाटते, आपले नेहमीचे डॉक्टर. व्यसनमुक्ती केंद्राचे नाव काढताच जो संतापतो, तोच मनुष्य पोटदुखी, निद्रानाश किंवा पडून झालेली जखम घेऊन त्यांच्या दवाखान्यात निमूटपणे बसतो. तेथे त्याला पित्ताची गोळी मिळते. ‘तुम्ही किती पिता?’ हा प्रश्न बहुधा राहून जातो. तो कसा विचारावा आणि उत्तर आल्यावर काय करावे, याचे पुरेसे शिक्षण अनेक डॉक्टरांना मिळालेलेच नसते.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना मद्यपानाच्या समस्येसाठी साहाय्याची गरज होती. मद्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार लाभले होते. एवढा भार थोडे मनोविकारतज्ज्ञ कसा वाहतील?

येथे मी एक कबुली देतो. अनेक वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका बांधवाला मी प्रार्थनेनंतर, त्या क्षणापासून दारूला न शिवण्याची शपथ घ्यायला लावली. त्याने शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी त्याला आकडी आली आणि मग तो भ्रमात बडबडू लागला. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबणे जिवावर बेतू शकते, हे मला ठाऊक नव्हते. जवळच्या डॉक्टरांनी लक्षणे ओळखली व त्वरित औषधोपचार केले, म्हणून तो वाचला. पुढे तो दोनदा घसरला. मी त्याची नजर चुकवू लागलो; डॉक्टरांनी दोन्ही वेळा त्याला खुर्ची दिली.

बंधुभगिनींनो, ही विद्या शिकता येते. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची चाचणी कोणत्याही दवाखान्यात काही मिनिटांत घेता येते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील तज्ज्ञ दूरवरच्या डॉक्टरांशी दृक्‌श्राव्य माध्यमातून त्यांच्याच रुग्णांविषयी चर्चा करून त्यांना प्रशिक्षण देतात. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला व २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. तेथे वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार भेटींत धोकादायक मद्यपान करणाऱ्या पुरुषांशी संवाद साधला. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा त्यांच्यातील अधिक जण तीन महिन्यांनी त्या धोक्याबाहेर आलेले आढळले.

मग मंडळीचे काम काय? शोमरोन्याने रक्षकाला दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन, असे वचन दिले. जखम एका रात्रीत भरत नाही, हे तो जाणत होता. व्यसनाची जखमही तशीच असते. म्हणून आपल्या मंडळीतील डॉक्टरांना हे प्रशिक्षण घेण्याची विनंती करा. आपली मिशन रुग्णालये ते देऊ शकतील काय, हे विचारा. गरीब रुग्णाच्या औषधाचा खर्च उचला. पाळकांनो, शपथ घेण्यास सांगण्यापूर्वी त्या मनुष्याला हाताला धरून दवाखान्यात न्या. प्रार्थना सोडू नका. पण प्रार्थनेच्या नावाखाली रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून जाऊ नका. याजक तसाच गेला होता.

प्रार्थना : हे दयाळू प्रभो, ज्यांना आम्ही उंबरठ्यावरूनच परत पाठवले, त्यांना आत घेणारे हात आमच्या वस्तीत उभे कर, आणि त्या हातांना ज्ञान व धीर दे. आमेन.