किती मूर्ती?

ओंकारेश्वरहून निघून चौथा दिवस. दुपारी रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीपुढे डोकं टेकवलं होतं. दिवेलागणीला पुढच्या एका गावात, आश्रमाच्या ओट्यावर पाठीवरचं ओझं उतरवलं. नाव, गाव, काय करता, सगळी उत्तरं जिभेवर तयार होती. चुलीपाशी बसलेल्या बाबांनी मान वर न करता एवढंच विचारलं, ‘कितनी मूर्ती?’ मी म्हणालो, दोन. त्यांनी पितळी वाटीने परातीत पीठ मोजलं, चार वाट्या, वर चिमूट मीठ, आणि पाण्याचा तांब्या द्या म्हणून हात पुढे केला. त्या रात्री नाव कोणी विचारलंच नाही.

नर्मदा परिक्रमेत माणसं अशी ‘मूर्ती’ म्हणून मोजली जातात. हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ थिजणं, घट्ट होणं. मूर्च्छाही त्याच घरातली. म्हणजे देव होण्याच्या कितीतरी आधी मूर्ती हा नुसता आकार असतो. भूक लागणारा, रात्री अंग टाकायला जागा लागणारा आकार. गो. नी. दांडेकरांनी परिक्रमेवरच्या आपल्या कादंबरीला ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ म्हटलं, त्यातला ‘कुणा एकाची’ मला त्या परातीपुढे उमगला.

अमेरिकेतल्या ॲपलेशियन ट्रेलवरही नाव मागे राहतं, पण निराळ्या रीतीने. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, 14 राज्यांतून जाणारी ही सुमारे 3,500 किलोमीटरची वाट. तिथे सोबतचे चालणारे तुम्हाला नवंच नाव देतात, ‘ट्रेल नेम’, आणि निवाऱ्यांतल्या वह्यांत मग तेच लिहिलं जातं. 1948 मध्ये ही वाट एका दमात पुरी करणारा अर्ल शेफर युद्धावरून परतलेला सैनिक होता. युद्ध अंगातून चालून काढायचं म्हणून तो निघाला होता. 1955 मध्ये एमा गेटवूड निघाल्या तेव्हा त्या 67 वर्षांच्या होत्या. 11 मुलांची आई, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. जग त्यांना ‘ग्रँडमा गेटवूड’ म्हणून ओळखतं. नव्या नावात नवा जन्म असतो, हे मला पटतं. तरी माझा कौल मूर्तीला. नवं नाव मिळालं की त्याला शोभेसं वागावं लागतं. मूर्तीला फक्त दुसऱ्या दिवशी उठून चालायचं असतं.

परिक्रमेच्या वाटेवरच्या शूलपाणीच्या झाडीत तर नावापाठोपाठ बाकीचंही जायचं. तिथले भिल्ल परिक्रमावासींना लुटत, कधी लंगोटीपुरतंच अंगावर ठेवत. आणि लुटले गेलेले त्यांना ‘मामा’ म्हणत. सगळं नेणाऱ्याला आईचा भाऊ मानायचा, ही भाषेची करामत नव्हे. नदी आई असेल तर तिच्या काठचा माणूस दुसरा कोण असणार? आता ती लूट थांबली आहे. परिक्रमावासी त्याच डोंगरांत मामांच्या घरची भाकर खातात.

झाडीतली जुनी काठाकाठची वाट मात्र सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली गेली, शूलपाणेश्वराचं जुनं मंदिरही गेलं. परिक्रमा मोडली नाही. ॲपलेशियनची वाट झाडांवर रंगवलेल्या 2 इंच रुंद, 6 इंच उंच पांढऱ्या पट्ट्यांवर चालते. स्वयंसेवक ते पट्टे पुन्हा पुन्हा रंगवतात, पडलेली झाडं हटवतात. परिक्रमेची वाट नियमावर आहे: नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही. पाणी चढलं, चालणारे वर डोंगरात सरकले. मणिबेलीसारख्या गावांना मात्र असं सरकता आलं नाही. तिथल्या घरांना, शेतांना, पुरलेल्या पूर्वजांना उजव्या हाताचा कुठलाच नियम लागू नव्हता. वाट टिकल्याचा आनंद मी त्यांचं नाव घेतल्याशिवाय मानू शकत नाही.

पुण्याला परतलो तेव्हा रात्र झाली होती. सोबतचा मित्रही माझ्याबरोबर जिना चढला. आम्ही दारातच वहाणा काढत होतो. आत ताटं वाजली आणि आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं,

‘किती पानं घेऊ?’

मी म्हणालो, दोन.