तोलणारे हात, जोडणारे हात



भंगारवाला दारात येतो तेव्हा त्याच्या हातात तराजू असतो. मोडका पंखा असो, बोथट कोयता असो की आजोबांची सायकल असो, तो एकच पाहतो : वजन किती भरते? त्यात गैर काही नाही. जुने लोखंड वितळवून नवे करता येते आणि खाणीतले तेवढे खनिज वाचते. मात्र तराजूत पडलेल्या वस्तूचे नाव जाते, तिचे केवळ किलो उरतात.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, बाराबू गावाच्या दक्षिणेला हमरस्त्याच्या कडेला भंगारातून उभे राहिलेले एक शिल्पउद्यान आहे. ते निर्माण करणारे टॉम एव्हरी (१९३८-२०२०) हे मूळचे भंगारातलेच गृहस्थ. जुने कारखाने पाडायचे, यंत्रे सोडवायची आणि धातू विकायचा हा त्यांचा व्यवसाय. १९८३ मध्ये त्यांनी मोडण्याचे काम बाजूला ठेवले आणि ते जोडण्याच्या कामाला लागले. स्वतःला त्यांनी ‘डॉ. एव्हरमोर’ असे नाव घेतले आणि ‘फॉरएव्हरट्रॉन’ नावाचे एक अजस्र यंत्रशिल्प उभारले. त्याचे वजन सुमारे ३०० टन आणि उंची सुमारे ५० फूट आहे. ह्या यंत्राच्या माथ्यावरील तांब्याच्या अंड्यात बसून, विजेच्या शक्तीने आपण स्वर्गाकडे झेपावणार अशी गोष्ट त्यांनी त्याभोवती रचली.

ह्या शिल्पात एकोणिसाव्या शतकातले, एडिसनच्या काळातले डायनामो आहेत. जवळच पक्ष्यांचा एक मोठा वाद्यवृंद उभा आहे. जुनी वाद्ये आणि हत्यारे जोडून हे पक्षी घडविले आहेत. रस्त्याच्या पलीकडे दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली बांधलेल्या दारूगोळ्याच्या एका प्रचंड कारखान्याची जागा आहे. एका बाजूला माणसे मारण्याचे साहित्य तयार झाले, दुसऱ्या बाजूला टाकलेल्या लोखंडाचे पक्षी झाले. तलवारींचे नांगर होतील, असे यशया संदेष्ट्याने पाहिलेले स्वप्न येथे सहज आठवते.

परंतु विचार करण्याजोगी गोष्ट आणखी वेगळीच आहे. एव्हरींनी हे भंगार वितळवले नाही. शक्यतो प्रत्येक भाग त्याच्या मूळ आकारातच ठेवला आणि त्याला योग्य जागा शोधून दिली. पोचा पडलेला तेथे पोचा दिसतो. डायनामो डायनामो म्हणूनच ओळखू येतो. आणि एवढे करून ते यंत्र काही काम करते का? नाही. ते कधी उडाले नाही, उडणारही नाही. तेथील एकाही वस्तूला तिची जुनी नोकरी परत मिळालेली नाही. तरीही तिला मान मिळाला आहे.

‘भंगारही उपयोगी पडते’ एवढाच बोध आपण घेतला, तर आपला तराजू तोच राहिला. कारण मग जे खरोखरच कोणत्याही उपयोगाचे उरले नाही, त्याचे काय? हा प्रश्न लोखंडाचा नाही. लोखंडाला दुःख होत नाही. प्रश्न आपल्या नजरेचा आहे. अंथरुणाला खिळलेली आजी, नोकरी गेलेला भाऊ, मतिमंद मूल ह्यांच्याकडे पाहताना आपल्या मनात कोणता हिशेब चालतो? पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात हीच जाणीव करून दिली : वस्तू फेकून देण्याची सवय शेवटी माणसांपर्यंत पोहोचते.

दुसरी गोष्ट वितळवण्याची. व्यसनातून सुटून घरी आलेला तरुण, संसार मोडलेली लेक, तुरुंगातून परतलेला शेजारी ह्यांना आपण जवळ करतो, पण एका अटीवर : अगोदर पूर्ण नवे होऊन या, जुनी खूण दिसता कामा नये. पश्चात्ताप हवाच, पाप सोडलेच पाहिजे. परंतु पाप वेगळे आणि आयुष्याने ठेवलेला व्रण वेगळा. पुनरुत्थित प्रभू शिष्यांसमोर उभा राहिला तो हातापायांवरील खिळ्यांच्या खुणांसह. मरण जिंकणाऱ्याला त्या खुणा पुसणे कठीण नव्हते. त्याने त्या ठेवल्या आणि थोमाला त्याच दाखविल्या. देवाची कृपा माणसाला वितळवून दुसराच कोणी बनवीत नाही. ती त्याच्या पोच्यांसकट त्याला उचलते आणि जागा देते.

उतारवयात एव्हरींना पक्षाघात झाला. पूर्वीसारखे काम त्यांच्या हातून होईना. तरीही ते उद्यानात येत आणि भेटायला आलेल्या लोकांशी बोलत. ज्याने टाकलेल्या वस्तूंना जागा दिली, त्याला स्वतःलाही तेथे जागा होती.

आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात अशी जागा आहे का? ह्या आठवड्यात एखाद्या वृद्धाजवळ थोडा वेळ बसू या. औषध घेतले का, जेवण झाले का, हे तर आपण रोज विचारतोच. एकदा हेही विचारू या : तुम्ही तरुणपणी काय काम करीत होता? मग ते सांगतील ते शेवटपर्यंत ऐकू या.