मातीचे ऋण आणि माणसाचे ऋण

काशीतील भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी बांधला. त्या घाटावरून शहराच्या गल्ल्यांत शिरले, की सरकारी परवान्याची भांगेची दुकाने आढळतात. तेथे भांगेचे पान उघडपणे विकत मिळते. त्याच झाडाचा फुलोरा जवळ बाळगणे मात्र गुन्हा ठरते. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याने गांजाच्या व्याख्येतून फुलोऱ्यावाचूनची पाने आणि बिया वगळल्या आहेत. एकाच देठावरच्या दोन अवयवांत कायद्याला अशी रेघ ओढता येते. नीतिविचाराला ती तितक्याच सहजपणे ओढता येईल काय?

अलीकडे या प्रश्नाला एक नवे अंग फुटले आहे. अमेरिकेतील ज्या राज्यांत ही लागवड कायदेशीर झाली आहे, तेथील काही शेतकरी बंद खोल्यांत विजेच्या दिव्यांखाली वाढविलेल्या पिकापेक्षा उघड्या रानातील पीक श्रेष्ठ मानतात. नांगरट टाळावी, जमीन उघडी पडू देऊ नये, पालापाचोळा मातीतच जिरवावा, म्हणजे माती नुसती टिकत नाही तर समृद्ध होते, असे त्यांचे म्हणणे. हा विचार मराठी वाचकाला परका नाही, श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे द्राक्षबागायतदारांपर्यंत तो पोहोचविला होता. प्रश्न एवढाच, की जे पीक माणसाची शुद्ध हरपू शकते, ते मातीला सुपीक करून पिकविले म्हणून निर्दोष ठरते काय?

येथे दोन सोपी उत्तरे संभवतात आणि दोन्ही अपुरी आहेत. झाडच मुळात पापी, हे पहिले उत्तर. परंतु याच जातीच्या झाडाच्या सालीपासून दोर वळतात; कुमाऊँ-गढवालात त्याच्या बियांची चटणी घरोघरी खाल्ली जाते. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या. मर्यादित सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, म्हणून संपूर्ण बंदी नको, असा निष्कर्ष त्याने काढला. म्हणजे दोष झाडात नाही, व्यवहारात आहे. साधन शुद्ध म्हणून फळही शुद्ध, हे दुसरे उत्तर. परंतु द्राक्षवेलीची निगा कितीही मायेने राखली, तरी तिच्यापासून गाळलेली दारू घर मोडावयाची थांबत नाही.

तथापि बंदीचीही जबाबदारी टळत नाही. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, वनजमिनीवरील गांजाची चोरटी लागवड पोलिसांनी वेळोवेळी उपटून नष्ट केली आहे. जे रोप उद्या उपटले जाईल, त्याच्या मातीसाठी आज कोण बांध घालील? तीन-चार वर्षांनी फळणारे खत कोण कुजवील? मातीची निगा राखणाऱ्याला पुढचा काळ आपला आहे याची खात्री लागते, आणि भय तीच हिरावून घेते.

उत्तराखंडाने २०१८ साली अल्प मादकतेच्या भांगेच्या लागवडीला, धागा आणि बी यांसाठी, परवाना दिला. ही वाट पाहिली म्हणजे युक्तिवादाची कसोटी लागते. ज्याला मुख्यतः मातीची चिंता आहे, त्याला हे पीकही पुरेल. ज्याला फुलोराच हवा, त्याने मातीची निगा जरूर राखावी; पण आपल्या व्यापाराच्या समर्थनार्थ तिला साक्षीस बोलावू नये.

कारण शेतकऱ्यावर दोन ऋणे असतात: जिच्यातून पीक येते तिचे, आणि ज्याच्या मुखी ते जाते त्याचे. दोन्ही खरी आहेत. पण एकाची फेड दुसऱ्याच्या खाती जमा होत नाही. सकस मातीत वाढलेला गांजा एखाद्या तरुणाच्या हाती पडतो, तेव्हा त्याचे काय होते हा प्रश्न शिल्लकच राहतो, आणि तो शेतकऱ्याला, विकणाऱ्याला व कायदा करणाऱ्याला वेगवेगळा विचारावा लागतो.