गोष्ट सांगायची कुणी?

नोव्हेंबर १९०१. फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ५१ वर्षांच्या एका बाईंना नाव विचारलं. त्या म्हणाल्या, ऑगस्ट. आडनाव? ऑगस्ट. नवऱ्याचं नाव? बहुतेक ऑगस्टच. डॉक्टरांनी ही उत्तरं जशीच्या तशी टिपून ठेवली. १९०६ मध्ये बाई गेल्या, त्यांच्या मेंदूची तपासणी झाली आणि १९१० मध्ये रोगाला डॉक्टरांचं नाव मिळालं. बाईंचं बोलणं मात्र फायलीतच राहिलं. हरवलेली ती फाइल सापडली थेट १९९५ मध्ये.

मधली कित्येक वर्षं डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची गोष्ट डॉक्टरच डॉक्टरांना सांगत होते. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय मिटायचा आणि पाहुणे आले की आजींना आतल्या खोलीत बसवलं जायचं. ब्रिटन-अमेरिकेत १९७९-८०च्या सुमारास घरच्यांच्या संस्था उभ्या राहिल्या, भारतात १९९२ मध्ये 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' सुरू झाली, आणि सांभाळणारी माणसं एकमेकांशी बोलू लागली.

अशा बोलण्यातून काय मिळतं? सासऱ्यांना सांभाळणाऱ्या एका सुनेनं सांगितलेलं मला आठवतं. दिवेलागणीला ते पिशवी घेऊन दाराशी उभे राहायचे, "मला घरी जायचंय." "अहो, हेच आपलं घर," म्हटलं की चिडायचे, रडायचे. शेवटी तिनं वाद सोडला. "चला, सोडते तुम्हाला," म्हणत ती चपला घालायची, सोसायटीला एक फेरी मारून त्याच दाराशी यायची. "आलं बघा घर." मग ते शांतपणे पाय धुवायला जायचे. ऐकणाऱ्या एका मुलाचे डोळे भरून आले. तो रोज वडिलांना पुरावा म्हणून लाइटबिल दाखवत होता.

पण या गोष्टी सांभाळणाऱ्यांच्या, ज्यांच्याविषयी त्या आहेत त्यांच्या नव्हेत. जॉन बेली यांनी १९९८ मध्ये पत्नी, कादंबरीकार आयरिस मर्डॉक यांच्या आजारपणावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्या हयात होत्या. त्यात प्रेम आहे, तरी मला ते अस्वस्थ करतं. लिहू का, असं आयरिसना विचारणं तोवर शक्यच राहिलं नव्हतं.

ऑगस्टबाईंची फाइल सापडली त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ख्रिस्टीन ब्रायडन यांना ४६व्या वर्षी डिमेन्शियाचं निदान कळलं. त्यांनी स्वतःच पुस्तक लिहिलं, पुढे २००३ मध्ये जागतिक अल्झायमर संघटनेच्या संचालक मंडळावर निवडून आल्या. इंग्लंडच्या वेंडी मिचेल यांनी निदानानंतर पुस्तकं लिहिली. बोलताना शब्द सापडत नसत, टाइप करताना सापडत, असं त्या सांगत. जमिनीवरचं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, हे आतून पाहणाऱ्यानंच सांगावं. वडील दारात का अडखळतात, ते आपल्याला बाहेरून कसं कळणार?

मराठीत 'अस्तु'सारखा चित्रपट झाला, मोहन आगाशेंनी त्यातले शास्त्री जिवंत केले. तरी 'मला डिमेन्शिया आहे' असं म्हणणारा आवाज आपल्याकडे फारसा ऐकू येत नाही. येणार कसा? निदान झालं की आपण डॉक्टरांना आधी हेच सांगतो, "बाबांना कळू देऊ नका." आणि सुरुवातीची जी वर्षं त्यांना बोलता आलं असतं, संध्याकाळी काय होतं, कशाची भीती वाटते, आपल्याबद्दल बाहेर काय सांगितलेलं चालेल, तीच वर्षं आपण त्यांच्यापासून रिपोर्ट लपवण्यात घालवतो.