अंकांचे माहात्म्य आणि अंकांचे भय

जपमाळेत मणी एकशे आठच का, असा प्रश्न श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांच्या मनात पुष्कळदा उद्भवतो. त्याचबरोबर भक्तनिवासात तेरा क्रमांकाची खोली नको, तिघांनी मिळून शुभकार्यास निघू नये, अशा समजुतीही अनेकांच्या मनात घर करून असतात. वस्तुतः पूज्य अंक आणि भयावह अंक ही दोन्ही मानवाच्या मोजणीचीच अपत्ये होत. कोणता अंक कशाच्या मोजणीतून आला हे जाणून घेतले म्हणजे श्रद्धेचा अर्थ उलगडतो व भयही पुष्कळसे सैल होते.

प्रथम १०८ चा विचार करू. नक्षत्रे सत्तावीस आणि प्रत्येकाचे चरण चार, म्हणून १०८, ही उपपत्ती सर्वपरिचित आहे. बारा राशी व नऊ ग्रह यांचा गुणाकारही तोच येतो. योगमार्गी साधक श्वासाकडे बोट दाखवितात. अहोरात्रात मनुष्याचे २१,६०० श्वास होतात, असे परंपरा मानते. त्याचे अर्धे १०,८००, म्हणजे शंभर माळा. याहून प्राचीन धागा शतपथ ब्राह्मणात सापडतो. तेथे वर्षाचे ३६० दिवस व प्रत्येक दिवसाचे ३० मुहूर्त धरून १०,८०० मुहूर्तांचा हिशेब मांडला असून अग्निचयनातील विटांची संख्या त्याच्याशी जुळविली आहे. सूर्याचे पृथ्वीपासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट भरते, हे गणित अलीकडे फार ऐकू येते. ते स्थूलमानाने बरोबर आहे. परंतु माळेतील मणी त्यावरून ठरले असे मानण्यास आधार नाही, आणि माळेची थोरवी त्यावर अवलंबूनही नाही. आकाश, श्वास व यज्ञ या तिन्ही हिशेबांत मोजला जातो तो काळच. माळेचे एक आवर्तन म्हणजे काळाचे एक आवर्तन नामाने भरणे होय. बौद्ध व जैन परंपरांतही माळ १०८ मण्यांचीच असते, आणि जपानमधील बौद्ध मंदिरांत वर्षअखेरीच्या रात्री घंटेचे १०८ ठोके दिले जातात.

एकच अंक दोन्ही रूपे कशी धारण करतो, हे अठरावरून दिसते. महाभारताची पर्वे अठरा, युद्धाचे दिवस अठरा, गीतेचे अध्याय अठरा, महापुराणेही अठरा. तरीही आपल्या बोलण्यात ‘अठराविश्वे दारिद्र्य’ आहेच. अठरा गुणिले वीस म्हणजे ३६०. वर्षाचे सर्व दिवस दारिद्र्य, असा त्याचा उलगडा केला जातो. येथे दोष अठराचा नव्हे, दारिद्र्याचा आहे!

साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठे आपण पवित्र मानतो. मात्र ‘साडेसाती’ शब्द उच्चारताच धीराची माणसेही अस्वस्थ होतात. शनी सुमारे साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी फिरतो, म्हणजे एका राशीत तो अदमासे अडीच वर्षे असतो. जन्मराशी, तिच्या मागील व पुढील अशा तीन राशींचा काळ मिळून साडेसात वर्षे होतात. या हिशेबाने कोणत्याही दिवशी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असतेच. जगातील सुमारे चतुर्थांश माणसे ज्या काळातून जात असतात, त्याच्या भयाने कोणी कर्ज काढून महागड्या शांती करू नयेत.

काही अंकांची बदनामी तर अगदी अलीकडची आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत फसवणुकीचे कलम ४२० होते, म्हणून लबाड मनुष्य ‘चारसोबीस’ ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो गुन्हा कलम ३१८ मध्ये आला, तरी ‘चारसोबीस’ मात्र लोकांच्या तोंडून गेलेला नाही.

आता तेरा. येशू ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनास तेरा जण होते, या कथेशी युरोपातील भीतीचा संबंध जोडतात. आपल्याकडे मृत्यूनंतरचा ‘तेरावा’ या अंकास चिकटला. परंतु तेराव्याला शांतिकर्म व गोडाचे जेवण होते, ते घराने पुन्हा नित्याच्या व्यवहारास लागावे म्हणून. तो दिवस दुःखाचा आरंभ नव्हे, दुःखातून बाहेर येण्याचा आहे. शिवपूजेचा प्रदोष त्रयोदशीस असतो, दिवाळीतील धनत्रयोदशीही तीच तिथी. समर्थ रामदासांचा राममंत्र त्रयोदशाक्षरी असून नाशिकजवळील टाकळी येथे त्यांनी त्याचा तेरा कोटी जप केला, असे संप्रदाय सांगतो. संत नामदेवांची पुण्यतिथी आषाढ वद्य त्रयोदशीची. आणि शके १२१८ मध्ये, म्हणजे इ.स. १२९६ साली, ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीस संजीवन समाधी घेतली तीही कार्तिक वद्य त्रयोदशीसच. त्या दिवशी इंद्रायणीकाठी लोटणाऱ्या वारकऱ्यांपैकी कोणी तेरा अंक अशुभ म्हणून मागे फिरत नाही.